आगोटीच्या तोंडावर गाढवं आणू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजोळची वाडी पडून आहे, परसात जुना गोठा आहे आणि वीटभट्टीवरून सोडवलेली दोन गाढवं याच मे महिन्यात आणायची, असं तू जवळजवळ ठरवूनच टाकलं आहेस. वाचून फार बरं वाटलं. जरूर आण, पण पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर आण.

गाढव मूळचं ईशान्य आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातलं. सुमारे 7,000 वर्षांपूर्वी ते माणसाळलं, तेही तिकडेच. घोड्याच्या अंगावरून पाणी बरंचसं निथळून जातं, गाढव मात्र कातडीपर्यंत भिजतं आणि गारठतं. आपल्या रत्नागिरीत चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हैस त्यात सुखाने उभी राहील, गाढव नाही. म्हणून आधी जागा कोरडी कर. गोठ्याचं जोतं जांभ्याने दीड-दोन फूट उचलून घे, मुताचं पाणी वाहून जाईल इतका उतार ठेव. शाकारणी वेळेत उरक. समुद्राकडची झड अडवायला त्या बाजूला पत्रा किंवा दाट झापं लाव. खाली तूस नाहीतर लाकडाचा भुसा टाकायचा आणि ओला झाला की काढायचा, मग तो दिवसातून दोनदा काढावा लागला तरी चालेल. पहिला पावसाळा तुझा गोठा रिकामाच जाऊ दे. कुठे गळतं, कुठे पागोळ्यांचं पाणी आत येतं, ते जनावर येण्याआधी तुला कळलेलं असेल.

एवढा आग्रह खुरांसाठी. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा अरुंद आणि उभा असतो, तळवा खोलगट. तो ओल धरून ठेवतो, मऊ पडतो आणि सडतो. पावसाळ्यात सकाळी वैरण टाकायच्या आधी चारही पाय उचलून बघायचे. गाढवाच्या खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभी राहा. मानेवरून हात सुरू करून पायावरून हळूहळू खाली ने, खुराच्या वर हलकंसं दाब आणि थांब. ओढू नकोस. ते स्वतः पाय देईल. दिला की फार वर घेऊ नकोस, बेताचाच उचल. मग बोथट आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे साफ करत जा. मधल्या बेचकीच्या दोन्ही बाजूंच्या चरांत चिखल आणि लीद घट्ट बसलेली असते, ती निघाली की नाक जवळ नेऊन वास घे. काळपट, चिकट काही दिसलं आणि कुजका वास आला तर सड लागली आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी सांग. शिवाय दर सहा ते दहा आठवड्यांनी खूर कापून घ्यावे लागतात. आपल्या गावांतून नालबंद मिळत नाही. माथेरानला घोडी आहेत म्हणून तिथे नालबंद आहेत. दोन-तीन घरांनी मिळून माणूस बोलावता येतो का, याची चौकशी आत्तापासून कर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाय हंबरते, कुत्रं विव्हळतं. गाढव दुखणं दाखवत नाही. पोटात कळ उठली तरी ते लोळेलच असं नाही. नुसतं कोपऱ्यात उभं राहतं, कान जरा मागे पडलेले, मान खाली. नवख्याला वाटतं, शांत आहे बिचारं. त्याच्या सवयी पाठ असतील तरच तुला फरक कळेल. कोण आधी गव्हाणीशी येतं, कोण पाणी रेंगाळत पितं, लीद किती वेळा आणि कशी पडते, हे रोज बघायचं. माझी गाढवी सगुणा सकाळी दाराची कडी वाजली की ओरडते. ज्या दिवशी ओरडत नाही, त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता तिच्याजवळ जाते.

आणि खाणं टाकलं तर उद्या बघू म्हणायचं नाही. उपाशी गाढवाच्या, त्यातून ते लठ्ठ असेल तर, अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं आणि थोड्या दिवसांत जनावर हातचं जातं. थर्मामीटर घरात ठेव. निरोगी गाढवाचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. गाईला 38.5 हे अगदी नेहमीचं, गाढवाला मात्र तो ताप. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर गाईगुरांत मुरलेले, म्हणून ही गोष्ट तूच नम्रपणे बोलून दाखव. धनुर्वाताची लस चुकवू नकोस. आणि गाढव घरी आणण्याआधी रक्त तपासून ग्लँडर्स नसल्याची खात्री करून घे. तो रोग माणसालाही होतो.

चाऱ्याचं गणित सोपं आहे. साधारण 150 किलोच्या गाढवाला दिवसाला 2 ते 2.7 किलो सुका चारा पुरतो. सड्यावरचं गवत दिवाळीच्या सुमारास कापून, खडखडीत वाळवून गंजी रचून ठेव. बुरशी लागलेली एक पेंढीही गव्हाणीत जाता कामा नये. खरा त्रास प्रेमाचा होतो. मार्च ते मे वाडीतली पोरं काजूचे बोंडू घेऊन येतील, शेजारच्या काकू फणसाचे गरे, पिकलेले आंबे आणतील. एवढं गोड गाढवाला झेपत नाही. खुरांच्या आतला भाग सुजतो आणि चालणंच बंद होतं. एखादी फोड ठीक, टोपली नाही. आणि परसातली कण्हेर आजच काढ, थोडा पालासुद्धा जीव घेतो. घाणेरीही ठेवू नकोस.

दोघांना एकत्रच ठेव. त्यांच्यात घट्ट जोडी जमते आणि ताटातूट झाली की राहिलेलं खाणं सोडतं. पुढे काय, ते वर लिहिलंच आहे. रात्री गोठा बंद असलाच पाहिजे, बिबट्या आपल्याकडे घरामागेच फिरतो.

भट्टीवरून आलेल्यांच्या पाठीवर घासून झालेले जुने व्रण असतील, पुढच्या पायांना दावणीचे वळ असतील, एखाद्याच्या नाकपुड्या चिरलेल्या असतील. तसं केल्याने श्वास मोकळा होतो, अशी समजूत आहे. कायद्याने गाढवावर 50 किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही, भट्टीवर ते वजन कोण करतं? तुला राग येईल. पण जो माणूस ती गाढवं हाकत होता, त्याच्याही डोक्यावर विटाच होत्या. त्याच्याशी भांडू नकोस. आणि दया आली म्हणून जेजुरीच्या पौषी बाजारातून विकत घेऊ नकोस. तुझ्या पैशांनी विकणारा दुसरं गाढव घेईल. आजारी, म्हातारं, सोडून दिलेलं घे. 2012च्या पशुगणनेत देशात 3.2 लाख गाढवं होती, 2019मध्ये ती 1.2 लाखांवर आली. टेम्पो आले, कातड्यासाठी चोरटी कत्तलही झाली. जी उरली आहेत त्यांची आपल्याला गरज राहिलेली नाही, आणि तुझ्यासारखं कुणी पुढे येतं तेव्हा मला म्हणूनच इतका आनंद होतो.

वाडीतले हसतील. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेले शापाचे दगड, कोकणात अजून उभे आहेत, गाढवाचं नाव शापासाठी वापरायची सवय तेवढी जुनी. त्यांना एकनाथांची गोष्ट सांग. रामेश्वरासाठी काशीहून आणलेली गंगा नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ती त्यांना तुझ्याआधी पाठ असेल.

जुलैत चार दिवस इकडे ये, अगदी धो-धो पावसात. सगुणा मागचा डावा पाय सहज देत नाही, तिच्यावर हात बसला की कुणाचाही पाय उचलशील. येताना गमबूट आण. जोत्याचं काम कुणाला दिलंस आणि जांभा काय भावाने मिळाला, तेही कळव.

तुझी,
मावशी