वाचकांचे प्रश्न : सभापतिपद सोडणारा टेक्ससचा वकील

प्रश्न : अमेरिकेचे जॉन नान्स गार्नर हे लहान गावातले वकील आणि पशुपालक. प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, सभापतिपद हाती असताना त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासारखे नामधारी पद का पत्करले?
— एक वाचक, मिरज

उत्तर : 1868 मध्ये टेक्ससच्या ईशान्य भागात जन्मलेले गार्नर 1890 मध्ये वकील झाले आणि क्षयाच्या शंकेमुळे कोरड्या हवेसाठी त्याच राज्यातील युवाल्डी या गावी येऊन राहिले. तेथे वकिलीबरोबर त्यांनी चराऊ जमिनी, पेकान या अक्रोडासारख्या फळाच्या बागा आणि बँका असा व्याप वाढवला. 1893 मध्ये काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत मेरिएट राइनर या तरुणीने त्यांना विरोध केला. गार्नर जिंकले आणि दोनच वर्षांनी त्यांनी तिच्याशीच विवाह केला. टेक्ससमधील स्त्रियांना तेव्हा मताधिकारही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे धाडस कळते. पुढे अनेक वर्षे पतीच्या कचेरीचा कारभारही तिनेच सांभाळला.

1903 पासून गार्नर सलग तीस वर्षे प्रतिनिधिगृहात होते. भाषणबाजीपेक्षा दालनातल्या खाजगी बैठकीत माणसे जोडण्यावर त्यांचा भर असे. डिसेंबर 1931 मध्ये ते सभापती झाले, आणि तुमच्या प्रश्नाचे मूळ पुढच्याच वर्षी शिकागोला भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दोन तृतीयांश मते लागत. फ्रँकलिन रूझवेल्ट आघाडीवर असूनही तीन फेऱ्यांत तेथवर पोहोचले नाहीत, तर टेक्सस आणि कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी गार्नर यांच्या मागे होते. 1924 मध्ये अशाच कोंडीत 103 फेऱ्या झाल्या होत्या आणि पक्ष पुढे निवडणूकही हरला होता. ते पुन्हा घडू नये म्हणून गार्नर यांनी आपले प्रतिनिधी मोकळे केले, चौथ्या फेरीत रूझवेल्ट विजयी झाले आणि उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी गार्नर यांच्याकडे आली. मला यात त्यागापेक्षा मुरलेल्या संसदपटूचा हिशेब अधिक दिसतो, कारण पक्ष हरला असता तर सभापतिपद तरी किती दिवस टिकले असते?

‘नामधारी’ हे विशेषण मात्र त्यांच्या पहिल्या कार्यकाळाला लावणे योग्य नाही. कायद्याने अधिकार थोडे असले, तरी दोन्ही सभागृहांतील जुन्या ओळखींच्या बळावर त्यांनी रूझवेल्ट यांची अनेक विधेयके पुढे रेटली. दुसऱ्या कार्यकाळात चित्र पालटले. सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची रूझवेल्ट यांची 1937 ची योजना त्यांना मुळीच पटली नाही आणि दोघांचे संबंध बिघडले. राष्ट्राध्यक्षाचा विश्वास गेल्यावर उपराष्ट्राध्यक्षाजवळ सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षस्थान आणि समसमान मते पडल्यास द्यावयाचे एक मत, एवढेच उरते. 1940 मध्ये रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे राहू नयेत म्हणून गार्नर स्वतः उमेदवारीच्या स्पर्धेत उतरले, परंतु अधिवेशनात त्यांचा मोठा पराभव झाला आणि 1941 मध्ये ते युवाल्डीच्या आपल्या व्यापाकडे परतले.