वारा आणि ऊन यांच्या भरवशावर देशाची वीज चालू शकते का?

नुसत्या त्यांच्या भरवशावर नाही. पण ‘वारा पडला की अंधार’ हेही खरं नाही. डेन्मार्कमध्ये निम्म्याहून जास्त वीज वारा आणि सूर्यापासून येते, तरी तिथला पुरवठा युरोपातल्या सर्वात भरवशाच्या पुरवठ्यांपैकी आहे. वारा मंदावला की नॉर्वे-स्वीडनची जलविद्युत मदतीला येते. हे शेजार नसतं तर गणित बरंच अवघड झालं असतं, हे मात्र मान्य करायला हवं.

ढग आणि वाऱ्याचा अंदाज आता बऱ्यापैकी आधी बांधता येतो. माझ्या मते खरी कसोटी काही सेकंदांची असते. औष्णिक केंद्रातली अवजड फिरती जनित्रं अचानक बिघाड झाला तरी आपल्या गतीच्या जोरावर ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता (सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ) क्षणभर सावरून धरतात. सौर पॅनेल इन्व्हर्टरमधून, म्हणजे डीसी विजेची एसी करणाऱ्या, फिरता भाग नसलेल्या उपकरणातून जोडलेली असतात. त्यांच्यात हा जडत्वाचा आधार आपसूक नसतो.

२०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषण मनोरे (दूरवर वीज नेणाऱ्या तारांचे खांब) पाडले. व्होल्टेज वारंवार कोसळलं, तेव्हा अनेक पवनचक्क्यांनी संरक्षक सेटिंगमुळे उत्पादन घटवलं आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. वारा तेव्हा भरपूर होता! पुढे सेटिंग बदलली, आणि २०१७ मध्ये तिथे १०० मेगावॉटची बॅटरी बसली, जी क्षणार्धात वीज सोडते.

आठवडाभर वारा-ऊन दोन्ही कमी असलं तर मात्र आजच्या बॅटऱ्या पुरत नाहीत. तिथे धरणं, गॅस किंवा अणुऊर्जा लागतेच.