लेबनीज मेघली घरी कशी करायची? दुधात कस्टर्ड पावडर घालून चालेल का?

नाही चालणार. मेघली म्हणजे तांदळाच्या पिठीचं, मसाले घातलेलं गोड पुडिंग. त्यात दूधही नसतं आणि कस्टर्ड पावडरही नसते. दुधात कॉर्नफ्लोर शिजवून करतात ती मुहल्लबिया. छान लागते, पण ती मेघली नव्हे.

माझी मुलगी शारजात झाली. आम्ही घरी आलो त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची लेबनीज शेजारीण (त्रिपोलीची, लेबननमधलं त्रिपोली, लिबियातलं नव्हे) आठ वाट्यांचा ट्रे घेऊन दारात आली. तपकिरी, गार मेघली, वर भिजवलेले अक्रोड-बदाम आणि खोबऱ्याचा कीस. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली माझी नणंद तिच्यादेखतच म्हणाली, "वहिनी, हे चिखलासारखं काय आहे? ओली बाळंतीण तू, हे गार अजिबात खायचं नाही." आणि ट्रे ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला. भाषा कळली नसेल, पण चेहरा कळतोच की. मला ते आजही सलतं.

शेजारीण एवढंच म्हणाली, "हे बाळ बघायला येणाऱ्यांसाठी आहे." लेबनन, सीरिया, पॅलेस्टाईनमध्ये मूल झालं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात मेघलीची वाटी देतात. ख्रिस्ती घरांत नाताळातही करतात, येशूच्या जन्माची म्हणून. आणि रंग मातीचा आहेच. पेरलं की उगवतं ती माती, असंच तिकडे मानतात. त्यातला मुख्य मसाला कॅरवे, जिऱ्यासारखं दिसणारं बी. आपण बाळंतिणीला बाळंतशोपा देतो, त्याच कुळातला. नणंदेला हे मी तेव्हाच सुनवायला हवं होतं.

प्रमाण: तांदळाची बारीक पिठी 1 वाटी, साखर 1 वाटी, पाणी 8 वाट्या, कॅरवेपूड 2 मोठे चमचे, दालचिनीपूड 1 मोठा चमचा, ॲनिसपूड (बडीशेपेसारख्या वासाचं बारीक बी) 1 छोटा चमचा. सगळं गार पाण्यातच कालवा, गुठळी होत नाही. मग ढवळत राहा. मेघली म्हणजे 'उकळलेलं'. पहिल्या खेपेला मी वीस मिनिटांत गॅस बंद केला, तर पिठी दाताला कचकच लागली आणि मसाला कच्चा. उकळी आल्यावर मंद आचेवर पाऊण तास तरी हवाच. लाकडी चमचा तळाशी ओढला की क्षणभर वाट दिसते, तेव्हा उतरवा. बदाम रात्रभर भिजले की चिमटीत धरताच सालीतून सुळकन निसटतात.

नणंद अजूनही दूध-कस्टर्डची 'मेघली' करते आणि दहा मिनिटांत होते म्हणून सगळ्यांना सांगते. दहा मिनिटांत होतं ते दुसरंच काहीतरी. तिनं एकदा तरी शेगडीपुढे पाऊण तास उभं राहावं आणि मग बोलावं.

हो, कॅरवे म्हणजे आपलं जिरं नव्हे. भारतात शहाजिरे म्हणून कधी कॅरवे देतात, कधी काळं जिरं. अरबी दुकानात 'करावया' मागा. आणि पाहुण्यांना देताना सुकामेवा चालतो का, ते आधी विचारा. तो वाढतानाच घाला, आधी घालून फ्रीजमध्ये ठेवलात तर मऊ पडतो.