बिनपगारी कामातून करिअर घडते का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याची असून कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम करतेच, शिवाय हवामानविषयक आंतरराष्ट्रीय बैठकांच्या कागदपत्रांचे मराठी सारांश एका युवा गटासाठी विनामोबदला तयार करते. बाबांचे म्हणणे असे की, यातून पोट भरणार नाही, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. शाश्वत विकासाच्या क्षेत्रात काम मिळवताना याचा उपयोग होईल का? परदेशातील एका युवा परिषदेचे निमंत्रणही आले आहे. मात्र त्यासाठी मोठे शुल्क मागत आहेत.

उत्तर : उपयोग निश्चित होईल, पण तो प्रमाणपत्राचा नव्हे. आंतरराष्ट्रीय करारातील कोणते कलम कोणावर बंधन घालते आणि त्याची अंमलबजावणी कशावरून तपासली जाते, हे शोधत वाचण्याची जी सवय तुम्हाला लागते आहे, तिचा होईल. ही सवय तुमच्या भागातील शेतीच्या माहितीशी जोडली गेली, तर तुमच्यासारखे उमेदवार फार थोडे सापडतील.

तुमच्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळमध्ये वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. धोकादायक रसायनांच्या व्यापाराविषयीचा रॉटरडॅम करार २००४ पासून लागू आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार, एखादे अतिघातक कीटकनाशक शेतातील प्रत्यक्ष वापरात बाधत असेल, तर विकसनशील देश ते कराराच्या यादीत, म्हणजे आयात करणाऱ्या देशाची पूर्वसंमती विचारावी लागणाऱ्या रसायनांमध्ये, घालण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. प्रस्ताव सरकारनेच पाठवायचा असतो. पण त्याला आधार लागतो तो घटनेच्या नोंदींचा. कोणते औषध होते, किती मात्रेत कालवले, कोणत्या पंपाने फवारले, अंगावर संरक्षक कपडे होते का, त्रास किती वेळाने सुरू झाला, या साध्या प्रश्नांची उत्तरे वेळेवर लिहिली गेली नाहीत, तर मजुराचे दुखणे या कराराच्या जिनिव्हा किंवा रोममधील बैठकीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात ग्रामस्वच्छतेबरोबर अशी नोंदवही सुरू करता येईल. आरोग्य उपकेंद्र आणि कृषी सहायक यांना सोबत घ्या, माहिती देणाऱ्याची संमती घ्या, नावे गुप्त ठेवा. माझ्या मते तुमच्या आजवरच्या सारांशांना खरे वजन या कामाने येईल, कारण आंतरराष्ट्रीय करार आणि शेत ही दोन्ही टोके एकाच व्यक्तीला ठाऊक नसणे ही या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

नोकऱ्यांचे म्हणाल, तर भांडवली बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना बाजार नियामक सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल बंधनकारक केला आहे. अशा अहवालांसाठी, तसेच कापसाच्या पुरवठा साखळीत पाणी, खते आणि फवारणी यांची पडताळणी करण्यासाठी, आकडे समजणारी आणि शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलू शकणारी माणसे लागतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने विदर्भ-मराठवाड्यात राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासारख्या योजनांनाही तीच गरज असते.

बाबांची काळजी मात्र रास्त आहे. या क्षेत्रात सुरुवात बहुधा बेताच्या मानधनावर होते आणि वरच्या जबाबदारीसाठी पदव्युत्तर शिक्षण लागते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील केंद्र किंवा भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था यांच्या प्रवेशाची माहिती आतापासूनच मिळवा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही सोडू नका. पर्यावरण आणि ग्रामविकास यांवरील तुमचे वाचन तिथेही वाया जाणार नाही. घरी बोलताना पुढील दोन वर्षांचा खर्च आणि अपेक्षित उत्पन्न कागदावर मांडून दाखवा.

राहिला परिषदेचा प्रश्न. माझा सल्ला स्पष्ट आहे : कर्ज काढून किंवा पऱ्हाटीच्या हंगामाचा पैसा घालून तिथे जाऊ नका. प्रवासखर्चाची शिष्यवृत्ती आहे का, मागील परिषदेतून कोणता लेखी मसुदा निघाला आणि तो कोणाला सादर झाला, हे आयोजकांना लेखी विचारा. उत्तर मोघम आले तर निमंत्रण नाकारा. आंतरराष्ट्रीय कामाचा अनुभव बिनखर्चाचाही मिळतो. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला असून त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना त्याच्यामार्फत घरबसल्या भाषांतर, संशोधन आणि लेखनाची कामे करता येतात आणि नोंदणीसाठी कोणतेही शुल्क पडत नाही.