हरित विजेचा फलक आणि हेस्कॉमचा मीटर

प्रश्न : आमच्या गावातील एका सरकारी कार्यालयाच्या दारावर ‘येथे शंभर टक्के हरित वीज वापरली जाते’ असा फलक लागला आहे. छतावर एकही सौर पॅनेल नाही आणि मीटर आमच्या घरासारखाच हेस्कॉमचा, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनीचा आहे. चौकशी केली तेव्हा ‘आम्ही प्रमाणपत्रे घेतली आहेत’ एवढेच सांगण्यात आले. हे योग्य आहे का? आमच्या शाळेच्या छतावर नेट मीटरला (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडमधून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरला) जोडलेली सौर पॅनेल आहेत. मग आम्हीही असा फलक लावावा का?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : कार्यालयाने प्रमाणपत्रे घेतली यात गैर काही नाही, परंतु फलकावरचे वाक्य वस्तुस्थितीच्या पुढे गेले आहे. नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रांची पद्धत आपल्या देशात २०१० साली सुरू झाली. ऊन, वारा, उसाचा चोथा अशा स्रोतांपासून एक हजार युनिट वीज तयार झाली आणि प्रकल्प नियमांत बसत असला, की देशाच्या ग्रिडचे नियंत्रण करणारे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र त्याला साधारणपणे एक प्रमाणपत्र देते आणि ते वीजबाजारात विकता येते; घेणाऱ्याकडे त्या हरित विजेचे श्रेय जाते. महिन्याला २,००० युनिट वापरणाऱ्या कार्यालयाला वर्षाकाठी २४ प्रमाणपत्रे पुरतात. ती दूरच्या राज्यातील प्रकल्पाचीही असू शकतात. कार्यालयात येणारी वीज मात्र आपल्या घरी येते तीच, म्हणजे कोळसा, पाणी, वारा आणि ऊन यांची मिसळलेली असते.

या व्यवहारातला कळीचा नियम असा, की एका युनिटचे श्रेय एकदाच घ्यायचे. आपल्याच जिल्ह्यातील चिकोडी–अथणी भाग पाहावा. गळीत हंगामात साखर कारखान्यात उसाचा चोथा बॉयलरमध्ये जळतो, वाफेवर टर्बाइन फिरते, आधी कारखाना चालतो आणि उरलेली वीज बाहेर विकता येते. ती वीज हेस्कॉमने आपले नवीकरणीय विजेचे बंधन (एकूण विजेतला ठरावीक वाटा नवीकरणीय स्रोतांतून घेण्याची कायदेशीर सक्ती) पुरे करण्यासाठी करार करून घेतली असेल, तर त्याच युनिटांवर कारखान्याला प्रमाणपत्र मिळत नाही. सौंदत्तीच्या पवनचक्क्यांनाही हाच न्याय लागू आहे.

कायद्याचे बंधन मुळात कोणावर आहे, हेही लक्षात घ्यावे. ते वीज वितरण कंपन्यांवर आणि स्वतःची वीज तयार करणाऱ्या किंवा खुल्या प्रवेशातून, म्हणजे वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या पुरवठादाराकडून, घेणाऱ्या ग्राहकांवर आहे. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार हा वाटा २०२४-२५ साली २९.९१ टक्के होता आणि २०२९-३० पर्यंत तो ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे. हेस्कॉमकडून वीज घेणाऱ्या साध्या कार्यालयावर असे बंधन नसल्यामुळे त्याची खरेदी ऐच्छिक ठरते. ऐच्छिक खरेदीचे मी स्वागतच करेन, परंतु एका अटीवर. २०२२ च्या नव्या नियमांनी प्रमाणपत्राची मुदत काढून टाकली आहे. पूर्वी ती १,०९५ दिवस होती, आता विकले जाईपर्यंत ते जिवंत राहते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी तयार झालेल्या विजेचे प्रमाणपत्र आज घेऊन आजच्या वापरापुढे दाखवता येते. अशा खरेदीतून नवा प्रकल्प उभा राहीलच असे नाही. ज्या कार्यालयाला स्वतःचे मोकळे छत आहे, त्याने आधी ते वापरावे आणि कमी पडेल तेवढ्यापुरतीच प्रमाणपत्रे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्यानेही हाच कल दाखवला होता : संघीय कार्यालयांच्या विजेत २०१३ पासून किमान ७.५ टक्के नवीकरणीय वाटा ठेवताना, सरकारी जागेवरच तयार होऊन तिथेच वापरलेल्या विजेला त्याने दुप्पट श्रेय दिले.

आता आपल्या शाळेविषयी. छतावरची वीज खरोखर सूर्याची आहे आणि ते मुलांना अभिमानाने सांगावे. परंतु नेट मीटरच्या व्यवस्थेत बंधन नसलेल्या ग्राहकाची सौर वीज वितरण कंपनीच्या बंधनात मोजली जाते, आणि रात्री किंवा ढगाळ दिवशी शाळा ग्रिडमधलीच वीज वापरते. म्हणून शंभर टक्क्यांचा दावा टाळावा आणि ‘या छतावर गेल्या वर्षी इतके युनिट सौर वीज तयार झाली’ असा आकडा लिहावा. तो मीटरवर कोणालाही पडताळता येतो.

कार्यालयाला मात्र माहिती अधिकारात विचारावे. प्रमाणपत्रे किती, कोणत्या वर्षी तयार झालेल्या विजेची, कोणत्या स्रोताची, त्यांवर खर्च किती झाला आणि ती कार्यालयाच्या नावे वापरून रद्द केल्याची नोंद आहे का, एवढेच प्रश्न पुरेत. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये आहे. कायद्यात इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा यांचाच उल्लेख असल्याने केवळ मराठीत लिहिलेला अर्ज परत येण्याची शक्यता असते; तेव्हा तो कन्नड किंवा हिंदीत द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे.