पहिलीतले स्वर

“मॅडम, इंग्रजी सगळं कळतं, पण बोलायला गेलं की दातखीळ बसते.” कागल, गारगोटी, गडहिंग्लजकडून कोल्हापुरात माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्यही मला पाठ आहे. “लोक हसतील.”

गेल्या पावसाळ्यात असाच एक मुलगा आला, खिशात चिठ्ठी घेऊनच. घड्यांवर फाटायला आलेली. तिच्यात चाळीसेक इंग्रजी शब्द, प्रत्येकाआधी लाल शाईने ‘अ’ किंवा ‘ॲन’. मुलाखतीत तो ‘आय हॅव अ एमएस्सी’ म्हणाला, समोरच्यांनी ‘ॲन’ म्हणून दुरुस्त केलं आणि पुढे हा गप्पच. पहिल्या वर्गात पास झालेला पोरगा!

“दुरुस्त केल्यावर मनात काय आलं?”

“हेच, की आपण मराठी मीडियमचं. आपल्याला जमायचं नाही.”

“ते तसं म्हणाले?”

बराच वेळ गेला. “नाही. ते मीच म्हटलं.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला मानणारी. तो सांगायचा, घटनेपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात जे म्हणतो तेच आपल्याला छळतं. त्या ‘ॲन’ने नव्हे, या वाक्याने त्याचं तोंड बंद केलं होतं. पण ‘घाबरू नकोस’ म्हणून पाठवून देणं मला पटत नाही. नियमच ठाऊक नसेल तर धीर कुठून येणार? म्हटलं, “चिठ्ठीतले शब्द आता देवनागरीत लिही.”

त्याने लिहिले. अवर, ऑनेस्ट, एमएस्सी. खाली युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे. पेन थांबलं.

“मॅडम, वरच्या ‘ॲन’वाल्यांना पहिला स्वर आहे. खालच्या ‘अ’वाल्यांना य, व. हे तर पहिलीतलं झालं की!”

झालंच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अवरला एच आणि युनिव्हर्सिटीला यू असतो, म्हणून डोळा फसतो. नियम कानाचा आहे, आणि आपली लिपी कानाचंच लिहिते. (एमएस्सीला ‘येमेस्सी’ म्हणायची आपली सवय तेवढी सोडायची.) ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. बाकी दोनच गोष्टी. ‘मी इंजिनिअर आहे’ यात आपण ‘एक’ घालत नाही, इंग्रजीत मात्र ‘ॲन इंजिनिअर’ म्हणावंच लागतं. आणि ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर हे शब्द इंग्रज मोजत नाहीत, म्हणून त्यांच्याआधी दोन्ही नकोत.

चिठ्ठी मात्र खिशातून जाईना. मग त्याला एप्रनची गोष्ट सांगितली. हा शब्द मुळात ‘नॅप्रन’, नॅपकिनच्याच कुळातला. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता इंग्रजांनीच तो ‘ॲन एप्रन’ असा चुकीचा तोडला आणि आज तेच शुद्ध आहे.

“म्हणजे ते पण चुकले?”

“पिढ्यान्‌पिढ्या. कुणी गप्प नाही बसलं.”

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. माझ्या वीस वर्षांच्या वाचनाचं त्या दिवशी चीज झालं, असं मला वाटतं. जाताना गृहपाठ दिला: राजारामपुरीत जाऊन मुद्दाम चुकीचं, मोठ्याने ‘ॲन कॉफी’ मागायची.

पुढच्या आठवड्यात आला.

“काय झालं?”

“काय नाही मॅडम. त्यानं विचारलं, साखर किती?”