पहिला गेमिंग पीसी: ग्राफिक्स कार्डाच्या आधी मॉनिटर बघ

भावा, तू पीसीसाठी काढलेली पार्ट्सची यादी बघितली. सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात आणि पॉवर सप्लाय (सगळ्या पार्ट्सना वीज देणारा डबा) नावापुरता! मीही हेच केलं होतं. सांगलीचा एप्रिल, पत्र्याखालची खोली, स्वस्तातला सप्लाय धूर सोडून गेला आणि जाताना मदरबोर्डही (ज्यावर सगळे पार्ट्स जोडतात तो बोर्ड) घेऊन गेला. तिथं काटकसर नको. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड स्वतः ११५ वॅटच्या आसपासच खातं, म्हणजे चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय भरपूर झाला. ८५० वॅटचा कशाला?

आधी मॉनिटर ठरव. १०८०पी (फुल एचडी) असेल तर ८ जीबी मेमरीचं कार्ड सुरुवातीला चालतं. १४४०पी (त्याहून जास्त रिझोल्यूशनचा) घेणार असशील तर १२ जीबीच्या खाली उतरू नको.

बाकी थोडक्यात:
- रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या.
- विंडोज आणि गेम एसएसडीवरच (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज).
- कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये बसते का, आधी मोज.
- मॉनिटरची केबल कार्डाला लाव, मदरबोर्डला नाही. हसू नको, जाणते लोकही इथं फसतात.

जुनं कार्ड घेणार असशील तर समोर अर्धा तास गेम चालवून बघ, फॅनचा आवाज ऐक. ओव्हरक्लॉकिंग (पार्ट ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) सध्या डोक्यातनं काढ. बजेट किती ते सांग, प्रोसेसर मग बघू.